चौघी तिच्या, दोघी माझ्या

अकोला, २ डिसेंबर १९४३

ती. जमुनाअक्का यांच्या पायी शेषरावाचा नमस्कार.

दिवाळीच्या तुमच्या पत्राला उत्तर देणे राहिले, त्याचे कारण सांगतो. गावाबाहेरच्या आपल्या पडीत रानात मी पशुपालनाचा नवा धंदा सुरू केला आहे. कामठीच्या पलटणीला माल पुरवण्याचा ठेका मिळाला आहे. लढाईचे दिवस आहेत, साहेब लोकांना खायला लागते. जनावरे विलायती आहेत, पांढरीशुभ्र. विलायती बकऱ्या म्हणा.

पण अक्का, आठ दिवसांपासून एक विचित्र रोग शिरला आहे. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना आधी ओकारी होते, दूध फाटून बाहेर येते. मग पिवळी-हिरवी, पाण्यासारखी हगवण. तिसऱ्या दिवशी पिल्लू वाळून कातडे होते आणि मरते. मोठ्यांनाही होते, पण त्या दोन-तीन दिवस चारा सोडतात आणि पुन्हा उठतात. एकीने अकरा दिली होती, दुसरीने दहा. एकवीसही गेली. चिखल कमी करून पाहिला, उपयोग नाही.

आणखी सहा गाभण आहेत, जानेवारीत विणार. ती पिल्ले जगली तर ठेका राहील. राखणीला मनकर्णाबाई म्हणून टोपल्या विणणाऱ्या लोकांतली एक बाई ठेवली आहे, रानातच झोपडी दिली आहे. तिला स्पष्ट सांगितले आहे की ही वेतेही गेली तर तिने बिऱ्हाड उचलावे. तुमच्या शेजारचे भगवंतराव गुरांचे डॉक्टर होते, त्यांना विचारून कळवा. नात्यात कोणाजवळ बोलू नका.

आपला
शेषराव

*

अमरावती, ७ डिसेंबर १९४३

चि. शेषराव यास आशीर्वाद.

तू माझा मावसभाऊ आहेस आणि मी तुला मॅट्रिकला गणित शिकवले आहे. त्यामुळे या पत्राची लाज मला दोन्हीकडून वाटली.

बकरी दोन पिल्ले देते. तीन दिली तर शेजारी सांगतो. तुझ्या एका बकरीने अकरा दिली आणि दुसरीने दहा, आणि त्यांना चिखल लागतो. मी भगवंतरावांना पत्र वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारले, "बाई, तुमचा भाऊ डुकरं पाळतो, हे तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हटले, "आत्ता झालं."

डुकरे. हा शब्द मी लिहिला आणि त्याच हाताने चहा प्याले. काही झाले नाही. तुझ्या आजोबांनी गावच्या पंगतीत कोणाच्या शेजारी बसायचे यावरून सहा वर्षे भांडण केले होते, म्हणून तुला शब्द जड जात असेल. पण रोग विचारायचा आणि जनावराचे नाव लपवायचे, अशाने बकरीचे औषध डुकराला जाईल. तुला डॉक्टर हवा आहे की वकील, ते आधी ठरव.

आता ऐक. भगवंतरावांनी जन्मभर बैल पाहिले, डुकराला त्यांनी हात लावलेला नाही. तेव्हा त्यांच्यावर विसंबू नकोस. मी तीस वर्षांपूर्वी कॉलेजात शास्त्र शिकले आहे आणि सूक्ष्मदर्शकातून जंतू डोळ्यांनी पाहिले आहेत. हा जंतूंचा रोग आहे. एका विष्ठेतून दुसऱ्या तोंडात जातो. सहाही गाभण माद्या आजच्या आज वेगळ्या काढ. नवा गोठा बांध, चुना मार, जमिनीवर फिनेल टाक. मेलेली पिल्ले खोल पुर. आजारी जनावराचा वाराही गाभणींना लागता कामा नये. त्या मनकर्णाबाईला प्रत्येक वेळी फिनेलने हात धुवायला लाव. सबबी ऐकू नकोस.

जमुना

*

अकोला, १५ डिसेंबर १९४३

ती. अक्का,

तुम्ही ओळखलेत, बरे झाले. मनावरचे ओझे उतरले. पण ती गावातल्या गटारात फिरणारी नव्हेत, यॉर्कशायरची आहेत. त्यांना स्वतंत्र हौद आहे. घरात आम्ही त्यांना 'पांढरी मंडळी' म्हणतो. आमची सौ. पार्बताबाई तर एवढेही म्हणत नाही, "तिकडं जाऊन आले काय?" एवढेच विचारते. मी सगळी शुद्धता पाळतो. पहाटे अंघोळीच्या आधीच जातो. रानातल्या विहिरीवर खुंटीला एक जुने धोतर टांगले आहे, ते नेसून सगळी जनावरे पाहतो, ते तिथेच सोडतो, अंघोळ करतो आणि घरी येतो. ते धोतर परटाला देता येत नाही, त्याला काय सांगणार? आणि विहिरीवर धुवायचे तर हात लागतो. तेव्हा ते तसेच असते. घरात कणभर विटाळ येऊ दिला नाही.

तुमच्या हुकमाप्रमाणे नवा गोठा बांधला, चुना मारला, फिनेलचा डबा आणला. पण त्यात दोघींपुरतीच जागा झाली. लढाईमुळे छपराचे पत्रे मिळत नाहीत. बाकीच्या चौघी जुन्याच गोठ्यात आहेत.

आता जे लिहितो ते वाचून तुम्हाला धक्का बसेल. काल पहाटे मी नेहमीपेक्षा आधी पोचलो. मनकर्णा खाली बसली होती, पुढ्यात तिने आपल्या लोकांच्या वस्तीवरून आणलेले, याच रोगाने मेलेले पिल्लू. तिने त्याची आतडी काढून बारीक केली, सरकीच्या ढेपेत कालवली आणि त्या चार गाभण माद्यांना खाऊ घातली. माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडलो, "काय करून राहिली तू?" ती उठलीसुद्धा नाही. म्हणते, "जे तुमाले येत नाही ते." मी तुमचे पत्र दाखवले. म्हणते, "बाईनं डुक्कर पाह्यलं हाये का कदी? कागदावर पाह्यलं असन."

अक्का, ही करणी आहे. गावच्या रामराव पाटलांचेही तेच मत पडले. सोमवारी तिला पोलिसात देतो. काल दिली असती, पण तोवर जनावरांजवळ जाणार कोण, हा प्रश्न आहे. गावातला एक माणूस तयार नाही.

शेषराव

*

अमरावती, १९ डिसेंबर १९४३

चि. शेषराव,

करणी नाही. करणी करायला निदान एखाद्याला आपल्या सामर्थ्यावर विश्वास लागतो. हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि अडाणीपणासाठी पोलीस नसतात. असते तर तुझ्या पाटलांना आधी नेले असते. पोलिसांचे नाव काढू नकोस.

पण त्या बाईला कामावरून काढ. रोगाने मेलेल्याची आतडी गाभणींना चारायची, म्हणजे विहिरीत पटकीचा रोगी बुडवून तेच पाणी गावाला पाजायचे. मी तीस वर्षे मुलींना हात धुवायला शिकवले. असल्या प्रकाराला माझ्याकडून क्षमा नाही. चौघी गेल्याच समज. दोघी तरी जपून ठेव.

तुझे धोतराचे वर्णन वाचून मी पुष्कळ हसले. ते जाऊ दे.

जमुना

*

मु. अकोल्याजवळ, २४ डिसेंबर १९४३

जमुनाबाई हेडमास्तरीण यांना, मनकर्णाबाईकडून. लिहिणार चंद्रभान मास्तर, प्राथमिक शाळा. बाई जसे बोलली तसे लिहितो, माझी जबाबदारी नाही.

बाई, तुमी मले काढा म्हणून लिवलं, मालकानं वाचून दाखोलं. मालक म्हणे झोपडी सोड. मी म्हटलं, पौषात वेतं आहेत, तोवर जात नाही. वेतं गेली तं मी आपल्या पायानं जातो, सांगा लागत नाही कोनाले.

आता माही गोठ आयका. मी आठ वर्साची होती तवापासून डुकरं पाहून राहिली. हे रोग हिवाळ्यात येते. पिल्लू आठ रोजाच्या आत असन तं वाचत नाही, औषध नाही. पन ज्या मादीले एक डाव झालं, तिच्या पुढच्या वेताले तितका मार बसत नाही. ते तिच्या दुधात उतरते. हे माह्या मायनं पाह्यलं, तिच्या मायनं पाह्यलं. म्हणून गाभण मादीले आधीच होऊ द्या लागते, विण्याच्या तीन हप्ते तरी आधी. मंग ती बरी होते अन् पिल्लाले राखते. चौघी माह्या दोन रोज ओकल्या. आता ढेप खाऊन राहिल्या, पाहून घ्या.

तुमी म्हणता घाण. मास्तर सांगते का तुमी अमरावतीले साऱ्या पोरीयले देवी टोचल्या, मायबाप भांडाले आले तरी टोचल्या. म्या मास्तरले इचारलं, ते टोचतेत ते काय असते? मास्तर म्हणे वासराच्या अंगावरच्या फोडातलं पाणी. मंग बाई, ते फोडातलं पाणी इद्या, अन् माह्या हातातलं आतडं घाण, हे कावून? तुमच्या हातात सुई आहे म्हणून?

चौघी माह्या अन् दोघी तुमच्या. पौषात दिसन. तुमच्या जगल्या अन् माह्या मेल्या तं मी तोंड दाखवत नाही. दुसरं काही मागत नाही. मालकानं दहा पिल्लायमागं एक मादी कबूल केली हाये, ते मालकाचं मालक पाहीन.

(अंगठा. साक्षीदार चंद्रभान मास्तर.)

*

अमरावती, २९ डिसेंबर १९४३

चि. शेषराव,

मनकर्णाबाईला वेते होईपर्यंत ठेव. झोपडी तिचीच राहील. कारण विचारू नकोस.

माझे मत बदललेले नाही. स्वच्छता ही स्वच्छता आहे. पण परीक्षा घ्यायची तर दोन्ही बाजूंनी पेपर लिहिल्याशिवाय निकाल लावता येत नाही. ती तुझ्या दोघींच्या गोठ्यात पाऊल टाकणार नाही, त्यांचे चारापाणी तू स्वतः करशील, आणि तू तिच्या चौघींच्या बाबतीत तोंड घालणार नाहीस. किती जन्मली, किती गेली, ते तारखेनिशी लिहून ठेव. अंदाजाने नको.

जमुना

*

अकोला, ३० जानेवारी १९४४

ती. जमुनाअक्का यांना शेषरावाचा दंडवत. आनंदाची बातमी.

जुन्या गोठ्यातल्या चौघींना मिळून सदतीस पिल्ले झाली. पैकी तेहेतीस जिवंत आहेत. काहींना दोन दिवस पातळ झाले, पण दूध पीत राहिली आणि सावरली. इतकी गुबगुबीत झाली आहेत की पाहत राहावे.

चुन्याच्या गोठ्यातल्या दोघींना सतरा झाली. तीन दिवस उत्तम होती. चौथ्या दिवशी ओकारी सुरू झाली. सातव्या दिवशी एकही उरले नाही. मनकर्णा तिकडे फिरकली नव्हती, हे मला कबूल केले पाहिजे, कारण मी स्वतः जातीने दोन्ही गोठ्यांवर दररोज नजर ठेवत होतो. आधी जुना गोठा, मग नवा. कुठून आला रोग, देव जाणे.

तरी एकंदर निकाल मोठाच आहे. कामठीचे मेजरसाहेब पाहायला आले होते. सगळीकडे याच रोगाने पिल्ले मरत आहेत म्हणाले, आणि तुमच्याकडे तेहेतीस कशी? मी सांगितले, माझी वडील बहीण बी.ए. आहे, तिच्या शास्त्रीय पद्धतीने. साहेब फार प्रभावित झाले. तुम्हाला अभिनंदनाचे पत्र पाठवणार आहेत. शिवाय खूश होऊन सात नव्या गाभण माद्या आपल्या रानात पाठवून दिल्या. पहिल्या वेताच्या, अगदी निरोगी, कधी आजारी पडलेल्या नाहीत.

आतड्यांची गोष्ट अर्थातच सांगितली नाही. साहेब लोकांच्या ताटात जाणारा माल आहे. रामराव पाटलांचे म्हणणे पडले की ती बाई रानात राहिली तर कधीतरी बोलेल. म्हणून परवा तिला निरोप दिला; जनावरे आता पलटणीचा एक माणूस पाहतो. पार्बताबाईचे एक लुगडे दिले. तिने तीन माद्या मागितल्या. मी म्हटले ठेका पुरा होऊ दे, मग पाहू. तिने लुगडे खुंटीवर ठेवले आणि गेली. स्वभावाने उद्धटच.

आपला
शेषराव

*

अमरावती, ४ फेब्रुवारी १९४४

शेषराव,

तुझे पत्र परवा दुपारी आले. मनकर्णाबाई त्याच दिवशी सकाळी आली. बडनेऱ्याला गाडीतून उतरून चालत आली, डोक्यावर टोपली, टोपलीत तवा आणि दोन भांडी. चंद्रभान मास्तरांनी तिला माझा पत्ता लिहून दिला होता. मी दार उघडले तर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाली, "तुमी उंच असान असं वाटलं होतं."

मी तिला ओसरीवर बसवणार होते. मग मला तुझे पाटील आठवले आणि मी तिला आत नेले. शेजारच्या लीलाबाई तेव्हापासून आमच्याकडचे पाणी घेत नाहीत. विहीर त्यांच्याही अंगणात आहे, तेव्हा मला चिंता नाही.

मी तिला तुझ्या पत्रातले आकडे वाचून दाखवले. चुन्याच्या गोठ्यात रोग कुठून आला, हे देव जाणत असेल, पण त्याला विचारायची गरज पडली नाही. तिने एकच प्रश्न केला, "मालक धोतर बदलत होते काय?"

तू रोज पहाटे ते धोतर नेसून आधी रोगाच्या गोठ्यात गेलास, मग ते न बदलता माझ्या फिनेलच्या गोठ्यात. स्वतःला विटाळ नको म्हणून तू एक धोतर कायमचे विटाळून ठेवलेस, ते धुतले नाहीस, आणि त्याच्या सोग्यातून सतरा पिल्लांना मरण पोचवलेस. घरी मात्र अंघोळ करून गेलास. शेषराव, तुझ्या घरात कणभर विटाळ आला नाही, हे मी मान्य करते.

आता माझी गोष्ट. हे सगळे तू मला डिसेंबरातच लिहिले होतेस. मी वाचले आणि हसले. ज्या बाईने मुलींना तीस वर्षे हात धुवायला शिकवले, तिला धोतर दिसले नाही, कारण तिचे सगळे लक्ष मनकर्णाबाईच्या हातांवर होते. घाण नेमकी कुठे असणार हे मला आधीच ठाऊक होते ना. आणि समजा धोतर स्वच्छ असते, तरी त्या दोघींच्या दुधात पिल्लांना द्यायला काही नव्हते. उद्या नाही तर परवा रोग आलाच असता. जी गोष्ट मी देवीच्या बाबतीत शाळेच्या दारात उभी राहून आयांना समजावत होते, ती मला एका बाईने अंगठा उठवून समजावली आणि मी तिला कामावरून काढायला सांगून बसले होते.

मेजरसाहेबांचे अभिनंदन आले. मी ते परत पाठवले. सोबत इंग्रजीत दोन पाने लिहिली आहेत: चौघींना काय चारले, कोणी चारले, किती जगली, दोघींना कोणाच्या सल्ल्याने जपले, किती मेली. नावे सगळी घातली आहेत. माझेही घातले आहे. आतडी हा शब्द इंग्रजीतही लिहिता येतो. ताटाची काळजी साहेबाने करावी. तो लढाईवर आहे, तुझ्यापेक्षा धीट असेल.

तिच्या तीन माद्या तू देणे लागतोस. आणि सात नव्या माद्या कधी आजारी पडलेल्या नाहीत, असे तू अभिमानाने लिहिले आहेस. ते वाक्य पुन्हा एकदा वाच.

जमुना

*

(कार्ड) अकोला, १६ फेब्रुवारी १९४४

अक्का, सातांपैकी दोघी व्याल्या, एकोणीस पिल्ले झाली, चार दिवसांत सगळी गेली. दोघी पंधरवड्यात विणतील, तिघींना महिना आहे. साहेबांचे पत्र आले. रागावले नाहीत, उलट 'त्या बाई कुठे आहेत' असे विचारतात. धोतर जाळले. मनकर्णाबाईला लगेच पाठवा. वाटल्यास लुगडे नवे देतो. शेषराव

*

अमरावती, १९ फेब्रुवारी १९४४

शेषराव मालक यांना, मनकर्णाबाईकडून.

तुमचं कार्ड बाईनं वाचून दाखोलं. दोन डाव वाचाले लावलं.

पंधरवड्यात विणाऱ्या दोघीचं आता काही होत नाही. त्यायची पिल्लं जातीन. हे आधीच सांगून ठेवतो, मंग माह्या नावानं बोंब नको. तिघीचं होते, पन आज उद्या सुरू केलं तं. एक एक रोज तुमचा चालला आहे, माहा नाही.

मी यीन. असं असन तं यीन. दहामागं एक नाही, आता पाचामागं एक मादी, अन् ती मी निवडीन. पह्यल्या तीन आधी, गेल्या वेताच्या हिशेबातल्या. झोपडी रानाच्या वरच्या अंगाले, जिथं पाणी साचत नाही. पाटलाले रानात पाय टाकू द्यायचा नाही. साहेबाले जे कागद जाईन त्यात माहं नाव राहीन, अन् माह्या आधी कोनाचं नाही राहणार.

बाई इथं थांबून म्हणते का 'यीन' नाही, 'येईन' असं लिवतेत. मी म्हटलं, बाई, बोलून कोण राहिलं? बाईनं मंग 'यीन'च लिवलं. अक्षर बाईचं लय चांगलं आहे. पन सांगा लागते.

मी इथं बाईच्या घरी आहे. मले घाई नाही. बाईले वलगावले चार एकर आहे, ते आमी काल पाहून आलो. पडूनच आहे. कुंपण घातलं तं वीस माद्या राहतीन.

हो म्हणायचं असन तं मालक, तुमच्या हातानं लिवा, साफ, डुक्कर म्हणून लिवा, बकरी नको. नाही म्हणायचं असन तं कागद कावून खराब करता.

सांगणार: मनकर्णाबाई (अंगठा)
लिहिणार: जमुनाबाई, बी.ए.